बोंड्याचे २८ दिवस

पोळ्याच्या दिवशी आमच्या कुत्र्यानं, बोंड्यानं, पुरणपोळीचा तुकडा तोंडात घेतला आणि परत खाली ठेवला. २ सप्टेंबर २०२४, सोमवार. घरात बैलं सजवायची घाई, झुली, मठाट्या, बेगड, कोणाचा पाय कोणाच्या पायात नाही. माझं लक्ष गेलं, पण मीही म्हटलं, पाऊस-ऊन चाललंय, पोट बिघडलं असेल. रात्री अंग गरम लागलं म्हणून आमच्या घरातलीच तापाची अर्धी गोळी त्याला चारली. ती पहिली चूक.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, बोर अभयारण्याच्या अंगाला. मी शिलाईकाम करते, घरची साडेपाच एकर शेती हे पाहतात. चार वर्षांपूर्वी कापूस वेचताना पऱ्हाटीच्या ओळीत डोळे न उघडलेलं एक पिल्लू सापडलं, म्हणून त्याचं नाव बोंड्या. जातीनं गावठी. एक कान उभा, एक पडलेला. रात्री यांच्यासोबत शेतात जागलीला जातो. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांची चाहूल कुंपणाच्या तारेला करंट देणाऱ्या झटका मशीनच्या आधी त्याला लागते. त्या आठवड्यात मी रात्ररात्र मोबाईलवर शोधत बसले, पण आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसानं नेमकं काय करायचं ते कुठं एका जागी मिळालं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मंगळवारी, तो दिवसभर मशीनखाली पडून होता. बुधवारी पहाटे सडा टाकायला उठले तर ओट्यावर रक्ताचे थेंब. आधी वाटलं मांजरानं उंदीर मारला. मग बोंड्यानं मान उचलली, तर उजव्या नाकपुडीतून बारीक धार. थांबायची, पुन्हा लागायची.

गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. साडेसातला शेजारच्या काकाजींनी कुंपणावरूनच सांगितलं, "पिसाळलं अशील. बांधून ठेवा, लेकरं जवळ जाऊ देऊ नका." त्यांचं चूक नव्हतं, घाबरायची गोष्टच आहे ती. मी आतून पिवळं कार्ड आणून दाखवलं. रेबीजची लस दरवर्षी दिलेली, शेवटची जूनमध्ये, शिक्क्यासकट. तेव्हा ते शांत झाले. कुत्रं पाळता तर ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. नंतर मला ते तीन ठिकाणी काढून दाखवावं लागलं.

सकाळी नऊ वाजता जनावरांचा दवाखाना. डॉक्टर लाळ-खुरकताच्या लसीकरणाला दुसऱ्या गावी गेलेले. जे होते त्यांनी तापाचं इंजेक्शन दिलं, केस पेपर केला आणि उद्या या म्हणाले. तो दिवस मी कसा काढला ते मला माहीत. महालक्ष्म्या आठवड्यावर आलेल्या, अकरा ब्लाऊज शिवायचे बाकी, आणि मी दर दहा मिनिटांनी मशीन थांबवून नाक पाहते.

मामाजींचा (माझे सासरे) स्वभाव रोखठोक. म्हणाले, "सूनबाई, जनावर हाय. त्याचं आयुष्य असन तेवढं असन. पैसे नोको घालवू." त्यांनी आयुष्यात दोन बैल आणि एक म्हैस डोळ्यांसमोर गेलेली पाहिली आहे. मी काही बोलले नाही.

गुरुवारी, ५ तारखेला, डॉक्टर भेटले. त्यांनी सगळ्यात आधी ओठ वर केला. हिरडी गुलाबी असायला हवी, ती फिकट होती, पांढऱ्या कापडाला एका धुण्यात लालसर रंग लागावा तेवढीच. मग पोटाची पातळ कातडी दाखवली. तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. मला वाटलं पिसवा चावल्या असतील. ते कातडीखाली साकळलेलं रक्त होतं. मग डॉक्टरांनी कानाच्या आत बोट घालून एक फुगलेला राखाडी गोचीड काढला, ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठा, आणि माझ्याकडे पाहिलं. "याच्यानं." आजाराचं नाव एर्लिकिओसिस, आपल्या भाषेत गोचीड ताप. गोचीड चावताना जंतू रक्तात सोडतो, ते पांढऱ्या पेशींत घर करतात आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होत जातात. म्हणून मार लागलेला नसताना नाकातून रक्त.

अर्ध्या गोळीचं सांगितलं तेव्हा डॉक्टर चिडले. माणसाच्या दुखण्यावरच्या गोळ्या कुत्र्याला चालत नाहीत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर मुळीच नाही, पोटात रक्तस्राव होतो, आणि इथं आधीच रक्त थांबत नव्हतं. नशीब, माझी गोळी त्यातली नव्हती.

रक्त तपासायचं तर यंत्र तिथं नाही. डॉक्टरांनी पुढच्या पायातून रक्त काढून जांभळ्या बुचाच्या नळीत भरलं आणि सेलूला माणसांच्या लॅबमध्ये न्यायला सांगितलं. नळी हळूच उलटसुलट करायची, झटकायची नाही, उन्हात ठेवायची नाही. मी ती ओल्या रुमालात गुंडाळून ब्लाऊजच्या पिशवीत ठेवली. पहिल्या लॅबमध्ये काउंटरवरच्या पोरानं नळी हातातही घेतली नाही. "कुत्र्याचं रक्त? बाकीचे पेशंट काय म्हणतील?" बाहेर येऊन पायरीवर बसले. मला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याचीच लाज वाटली. दुसऱ्या लॅबमधल्या दादांनी एवढंच विचारलं, "नाव काय टाकू?" २५० रुपयांत रिपोर्ट मिळाला, अजून जपून ठेवला आहे. पेशंटचं नाव बोंड्या, वय ४, पुरुष. प्लेटलेट ३८ हजार. निरोगी कुत्र्यात त्या दोन ते पाच लाख असतात. हिमोग्लोबिन ८.१, ते साधारण बारा ते अठरा पाहिजे. त्या कागदावर शेजारी जे नॉर्मल आकडे छापलेले असतात ते माणसांचे असतात, ते पाहून काही ठरवू नका. आणि माणसांचं यंत्र कुत्र्याच्या पेशी मोजताना चुकू शकतं, म्हणून काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं बरं, असं डॉक्टर म्हणाले. त्यासाठी नागपूर.

औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, आणि दवाखान्यात कुत्रं मोजायला काटा नव्हता. घरी कापसाचा ताणकाटा आहे. वेचणाऱ्या बाया गाठोडी लावतात तोच. कडुनिंबाच्या फांदीला काटा अडकवला, जुन्या चादरीत बोंड्याला बांधलं आणि गाठोडं लटकवलं. १९ किलो. एरवी आंघोळीची बादली दिसली तरी गाव डोक्यावर घेणारा कुत्रा त्या गाठोड्यात निमूट लोंबत राहिला. मान बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. यांनी तोंड फिरवलं.

शनिवारी गणपती, म्हणजे दवाखाने बंद. जायचं तर शुक्रवारीच. नागपूरला सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, पण तिथं सकाळी लवकर पोचायला हवं आणि आमची गाडी ठरेपर्यंतच अकरा वाजले. म्हणून खासगी दवाखान्यात गेलो. साठेक किलोमीटर, ओळखीच्या भावाची व्हॅन, जाऊन-येऊन १,५०० रुपये. निघताना चौकात एकानं विचारलंच, "काय वयनी, कुत्र्याले नागपूरले नेता? अथी मानसाले नेत नाई कोनी." सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी माझी हरतालिका होती, पाणीसुद्धा नव्हतं घेतलं. गौरीसाठी आणलेली वाळू पाटावर तशीच ठेवून मी कुत्रं मांडीवर घेऊन निघाले. सासूबाई म्हणाल्या, "पूजा मी करतो, तू जाय."

नागपूरच्या दवाखान्यात दोन तास बसलो. बाजूला एक पांढरं, केसाळ, रिबीन लावलेलं कुत्रं होतं. त्याच्या बाईंनी बोंड्याची जात विचारली. मी म्हटलं, "कापसातला." त्यांना पटलं असावं.

डॉक्टर मॅडमनी एका छोट्या किटवर रक्ताचा थेंब टाकला. बायकांना ते किट सांगायची गरज नाही, तशीच खिडकी आणि तशाच रेघा. दहा मिनिटांत दुसरी रेघ उमटली. मॅडमनी सांगितलं, ही रेघ म्हणजे शरीराची या जंतूशी गाठ पडलेली आहे एवढंच. आज आजार आहे की नाही ते ताप, प्लेटलेट, नाकातलं रक्त हे सगळं जुळवून ठरवायचं. इथं सगळंच जुळत होतं. काचपट्टीत तांबड्या पेशींतला दुसरा परजीवी, बबेसिया, दिसला नाही. तो असता तर इंजेक्शन वेगळं लागलं असतं. मी भीत भीत विचारलं, रक्त चढवावं लागेल का. "आज नाही. पण हिरडी पार पांढरी पडली, उभं राहवेना, धाप लागली, तर रात्र आहे म्हणून थांबू नका." तपासणी, किट आणि काचपट्टी मिळून १,९००. सलाईन आणि इंजेक्शनं ३५०.

औषध मात्र साधं निघालं. डॉक्सिसायक्लीन, १०० मिलीग्रॅम, सकाळी एक, संध्याकाळी एक, २८ दिवस. ५६ गोळ्या. किलोमागे दिवसाला दहा मिलीग्रॅम या हिशेबानं. जेनेरिक दुकानात दहाच्या पाकिटाला पस्तीस रुपये पडले. महाग होती ती दुसरी एकच गोळी, गोचीड मारायची. चघळून खायची, तीन महिने चालते, १,९५० रुपये. ऐकून माझ्या घशाला कोरड पडली, उपास होताच. ती वजनाच्या गटाप्रमाणे मिळते. दहा ते वीस किलोची वेगळी, वीस ते चाळीसची वेगळी. कुत्र्याला आधी कधी झटके आले असतील तर डॉक्टरांना आधीच सांगायचं, मग ती जपूनच द्यावी लागते. बोंड्याला नव्हते. मी पदराच्या गाठीतून ब्लाऊजच्या आगाऊचे पैसे काढून दिले.

पहिली गोळी शुक्रवारी रात्री, घरी आल्यावर. दुसरी सकाळी रिकाम्या पोटी दिली आणि गणपती बसायच्या आतच त्यानं ती ओकून टाकली. ही दुसरी चूक. डॉक्सी कायम खाण्यासोबत द्यायची. दूध, दही, ताक यांच्यासोबत नाही, त्यातलं कॅल्शियम औषध धरून ठेवतं, आणि नेमकं आपण सगळे गोळी दुधातच देतो. गोळी घशाखाली अडकून राहिली तर अन्ननलिकेला जखम होते, म्हणून वरून पाणी पाजायचं. मी सुईशिवायच्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं दहा मिली पाणी सोडायचे. कणकेचा मुटका दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी तो कणीक खाऊन गोळी जमिनीवर थुंकायला लागला, तीही स्वच्छ चाटून. मग कोंबडीवाल्याकडून रोज दहा रुपयांची कलेजी आणायला सुरुवात केली. एक तुकडा रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा लगेच नाकासमोर धरायचा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा गिळला जातो. या तीन तुकड्यांनी मला वाचवलं.

सगळ्यात कामाला आलेली वस्तू म्हणजे १५० रुपयांचं डिजिटल थर्मामीटर. टोकाला खोबरेल लावायचं, शेपटीखाली एवढंसं आत. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे ठीक. शुक्रवारी १०४.४ होता, रविवारी सकाळी १०२. नाकातलं रक्त त्याच्या आदल्या दिवशीच थांबलं होतं. सोमवारी त्यानं शेजारच्या कोंबड्यावर भुंकून दाखवलं. आवाज फाटका होता, पण भुंकला.

दरम्यान गोठ्याची लढाई. कुत्र्याचा तपकिरी गोचीड अंडी अंगावर घालत नाही. पोट भरलं की खाली उतरतो, भिंतीच्या भेगेत शिरतो आणि एक मादी हजारो अंडी घालते. आमच्या मातीच्या भिंती म्हणजे त्यांची चाळच. मी मोबाईलची बॅटरी लावून ओट्याची एक भेग पाहिली, तर आत राखाडी मण्यांची माळ हलत होती. अंगावर शहारे आले. याच भिंतीला टेकून मी रोज काजं करत बसते. पोतडी, जुना बारदाना जाळला, भेगा सिमेंट-चुन्यानं बुजवल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध सांगितलं तेवढंच पाणी घालून भिंतीवर मारलं, बोंड्या, कोंबड्या, शेरडं दिवसभर बाहेर. दोन आठवड्यांनी पुन्हा. सगळं मिळून ३८०. गावातून सल्ले येतच होते, बैलाचं गोचिडाचं औषध चोपडा, जळालं ऑईल लावा. एकानं तर कापसावरचं फवारणीचं औषध पाण्यात घालून आंघोळ घाला म्हटलं. २०१७ मध्ये इथून जवळच यवतमाळ जिल्ह्यात तीच औषधं फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त माणसं गेली. कुत्रं तर अंग चाटतं. यांनी त्याला हात जोडून वाटेला लावलं.

गोचीड हातानं काढायचाच असेल तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. मी आयुष्यभर नखांनी चिरडत आले होते.

१३ सप्टेंबरला दुसरी तपासणी झाली, प्लेटलेट ९६ हजार. बोंड्या आता जेवत होता, शेपूट हलवत होता, आणि इथंच घरात कुरबूर सुरू झाली. हे म्हणाले, बरा दिसतोय, कशाला पोटात औषध घालायचं. शिवाय सोयाबीन शेंगात आलेलं, जागलीला कुत्रं नाही, दोन रात्रींत डुकरांनी एका कोपऱ्याचा चुराडा केला होता. तो हिशेब कुठल्याच बिलात नाही. पण प्लेटलेट कमी असताना डुकराचा एक दात लागला तर रक्त थांबणार नाही, आणि आमच्याकडे बिबट्याही फिरतो. अशक्त कुत्रं त्याला आयतंच. गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू हाडाच्या मगजात दबा धरून बसतो आणि महिन्या-वर्षानं जास्त जोरात उठतो, हे नागपूरच्या मॅडमनी मला दोनदा सांगितलं होतं. मी यांना तिसऱ्यांदा सांगितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन रेघा मारायचे.

बांधून ठेवलेल्या कुत्र्याचं मन रमवणं औषधापेक्षा अवघड निघालं. घाबरलेल्या रात्री मी मोबाईलवरून तीन वस्तू मागवल्या होत्या, एकूण १,०९०. शिट्टी वाजणारं रबरी हाडूक ३४९ रुपयांचं, त्यानं वीस मिनिटांत फाडलं आणि आतली शिट्टी मी त्याच्या जबड्यातून बोट घालून काढली. गिळली असती तर पुन्हा नागपूर. हर्बल गोचीड पट्ट्याला वास छान होता, गोचिडांनाही आवडला असावा. तिसरा, उजेडात चमकणारा पट्टा, खरंच चांगला. बॅटरी मारली की पन्नास पावलांवरून कुत्रं दिसतं, रस्त्यावरच्या गाडीवाल्यालाही. खेळणं शेवटी मीच शिवलं. जुन्या जीन्सच्या तीन पट्ट्या, तिपेडी घट्ट वेणी, टोकांना गाठी. शिलाई नाही, बटण नाही, चेन नाही, म्हणजे सुटून पोटात जाण्यासारखं काही नाही. धागे निघायला लागले की फेकायची, नवीन करायची. ती वेणी तो झोपतानाही पायाखाली घेतो. शिजलेलं हाड मात्र बंद केलं, त्याच्या काचेसारख्या चिपा होतात.

शेवटची गोळी ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी त्याच लॅबमध्ये गेले. दादांनी न विचारता नाव टाकलं. प्लेटलेट २ लाख ४० हजार, हिमोग्लोबिन १२.६.

एकूण ८,५६० रुपये लागले. त्यात रोजची कलेजी आणि सेलूच्या चकरांचं पेट्रोल धरलेलं नाही. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता, म्हणजे एक क्विंटलभर कापूस आणि वर थोडा. हा आकडा मी घरात मोठ्यानं सांगितला नाही. मामाजींनी विचारलाही नाही.

गोचिडाची पुढची गोळी बारा आठवड्यांनी, २९ नोव्हेंबरला. कॅलेंडरवर त्या चौकटीत मी "बोंड्याची गोळी" लिहून ठेवलं होतं. २७ तारखेला पाहिलं, तर त्याखाली मामाजींच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं, "आधी वजन."

संध्याकाळी कापसाची गाठोडी मोजून झाल्यावर त्यांनीच काटा फांदीवर राहू दिला. चादर अंथरली. बोंड्यानं एकदा चादरीकडे पाहिलं आणि पळाला. चौघांनी मिळून धरला, बांधला, लटकवला, तर गाठोड्यातून चारही दिशांना पाय. काटा थांबेना. शेवटी मामाजींनी जीन्सची वेणी त्याच्या नाकासमोर धरली तेव्हा क्षणभर स्थिरावला. २२ किलो.

"म्हंजे आता मोठी गोळी लागन?"

"हो मामाजी. वीसच्या वर गेला."

"केवढ्याची?"

मी सांगितलं. ते काही वेळ काट्याकडे पाहत राहिले. मग गाठ सोडता सोडता कुत्र्यालाच म्हणाले, "कलेजी कमी खाय आता, भिकाऱ्या."